हळद शिजविण्याच्या वाफेचा खर्च व नैसर्गिक वायूचा बॉयलर

वऱ्हाडास वाफ नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खामगाव, अकोला, मूर्तिजापूर येथे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे जे कारखाने उभे राहिले, ते वाफेच्या इंजिनावर चालत. १८७० साली जलंब-खामगाव ही रेल्वेची शाखा लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली, ती याच कापसासाठी. मूर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी शकुंतला गाडी तर १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनानेच ओढली जात होती. पुढे जिनांमध्ये वीज आली, धुराडी थंड झाली, आणि वाफ म्हणजे मागील पिढीची वस्तू असा समज झाला.

परंतु वाफ गेली नाही, तिचे काम मात्र बदलले. पूर्वी ती चाक फिरवी, आता ती शिजविते. तेलबियांची द्रावणाने तेल काढण्याची गिरणी, दुधाचे शीतकरण केंद्र, संत्र्याचा रस काढणारा कारखाना, पशुखाद्याच्या गोळ्या करणारे यंत्र या सर्वांस वाफ लागते. शेतकऱ्याच्या अगदी जवळचे उदाहरण हळदीचे आहे. बार्शीटाकळीच्या दक्षिणेस वाशीम जिल्हा व त्यापलीकडे हिंगोली, वसमत हा हळदीचा मुलूख लागतो. तेथे उघड्या कढईत पाणी घालून हळद उकळण्याऐवजी पिंपांत वाफ सोडून ती शिजविण्याची पद्धत आता रुळली आहे.

अशा वेळी एक नवा प्रश्न पुढे आला आहे. गेल या सरकारी कंपनीच्या मुंबई-नागपूर-झारसुगुडा वायुवाहिनीचा मुंबई ते नागपूर हा भाग समृद्धी महामार्गाच्या लगतच्या पट्ट्यातून आखण्यात आला, आणि हा महामार्ग शेजारच्या वाशीम जिल्ह्यातून जातो. वायू दाराशी आला तर शेतकऱ्यांच्या गटाने हळदीसाठी वायूवर चालणारा बॉयलर घ्यावा काय, अशी विचारणा बैठकांतून निघणे स्वाभाविक आहे. या विचारणेस 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणाऱ्या कार्यकर्त्याने हिशेब केलेला नसतो. तो हिशेब कसा करावा, हे या लेखात दाखविण्याचे योजिले आहे.

हिशेबाचा पाया

पाण्याची वाफ करण्यास किती उष्णता लागते, हे इंधनावर अवलंबून नाही. पऱ्हाटी जाळा की वायू जाळा, पाणी आपली उष्णता मोजूनच घेते. एक किलो पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. विहिरीचे ३० अंशांचे पाणी उकळीस आणण्यास प्रतिकिलो ७० किलोकॅलरी पुरतात, परंतु उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी द्याव्या लागतात. खर्चाचा मोठा वाटा या दुसऱ्या आकड्यात आहे. बॉयलरमधील दाब वाढविला तर हा हिशेब फारसा बदलत नाही. उघड्या हवेच्या दाबावर एक किलो वाफेत एकूण सुमारे ६३९ किलोकॅलरी असतात, तर ७ किलो दाबावर सुमारे ६६१. दाब जास्त म्हणजे वाफ पुष्कळ 'तेज', असे जे समजले जाते ते हळदीच्या बाबतीत व्यर्थ आहे. तेथे जास्त दाबाने गळती वाढते आणि धोका वाढतो, इतकेच. येथून पुढे सर्व हिशेबात एक किलो वाफेस ६३० किलोकॅलरी धरल्या आहेत.

आता इंधनाकडे वळू. प्रत्येक इंधनात उष्णता निराळी असते, आणि त्यातील काही भाग धुराड्यावाटे, काही बॉयलरच्या अंगावाटे वाया जातो. उरलेल्या उपयुक्त भागास ६३० ने भागले की त्या इंधनाच्या एका एककातून किती किलो वाफ निघेल ते कळते. इंधनाच्या भावास त्या आकड्याने भागले की एक किलो वाफेचा इंधनखर्च मिळतो. पुढील कोष्टकातील भाव हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या गावी, आपल्या दारात पडणारा भाव घालावा.

नैसर्गिक वायू: एका घनमीटरात ८,५०० किलोकॅलरी, कार्यक्षमता ८५ टक्के, वाफ ११.४७ किलो, भाव ६० रुपये धरल्यास एक किलो वाफेस ५ रुपये २३ पैसे.

सिलिंडरचा वायू (एल.पी.जी.): एका किलोत ११,००० किलोकॅलरी, कार्यक्षमता ८५ टक्के, वाफ १४.८४ किलो, भाव ९० रुपये धरल्यास ६ रुपये ६ पैसे.

डिझेल: एका लिटरात सुमारे ८,५७० किलोकॅलरी, कार्यक्षमता ८५ टक्के, वाफ ११.५६ किलो, भाव ९२ रुपये धरल्यास ७ रुपये ९६ पैसे.

वाळलेली पऱ्हाटी (ओलावा १५ टक्के): एका किलोत ३,५०० किलोकॅलरी, कार्यक्षमता ६० टक्के, वाफ ३.३३ किलो, तोडणी व वाहतुकीसह भाव ४ रुपये धरल्यास १ रुपया २० पैसे.

ओली पऱ्हाटी (ओलावा ४० टक्के): एका किलोत सुमारे २,२९० किलोकॅलरी, कार्यक्षमता ५० टक्के, वाफ १.८१ किलो, तोच भाव धरल्यास २ रुपये २१ पैसे.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा पाहाव्यात. भाव एकच, झाड एकच. केवळ वाळविण्याच्या आळसाने वाफेचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला. ओल्या सरपणातील पाणी आधी चुलीतच उकळते, आणि त्याचा भार मालकाच्या खिशावर पडतो.

वायूच्या आकड्यातील एक फसवी जागा

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यत्वे मिथेन. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर बॉम्बे हाय येथे १९७४ साली तेलाचा शोध लागला, आणि तेलाबरोबरचा वायू समुद्रातील नळांनी उरण येथे आणला जाऊ लागला. आता परदेशातून जहाजांनी द्रवरूपात येणारा वायूही त्यात मिसळतो. मिथेनमध्ये हायड्रोजन पुष्कळ असल्यामुळे तो जळताना पाणी तयार होते. एक किलो मिथेन जळाला की सव्वादोन किलो पाणी वाफेच्या रूपाने धुराड्यातून जाते, आणि ती वाफ करण्यास लागलेली उष्णताही बाहेर जाते.

यामुळे वायूची उष्णता दोन प्रकारांनी सांगितली जाते. धुरातील ही वाफ थंड होऊन तिची उष्णता परत मिळाली असे धरले तर 'ढोबळ' उष्णता, सुमारे ९,४०० किलोकॅलरी. ती मिळत नाही असे धरले तर 'निव्वळ' उष्णता, सुमारे ८,५००. वायूचे बिल पुष्कळदा ढोबळ उष्णतेवर आकारले जाते, तर बॉयलरच्या पत्रकावरील कार्यक्षमता बहुधा निव्वळ उष्णतेवर काढलेली असते. बिलातील ९,४०० घेऊन त्यास पत्रकातील ९० टक्क्यांनी गुणणारा ग्राहक एका घनमीटरात ८,४६० किलोकॅलरी मिळतील असे समजतो. प्रत्यक्षात मिळतात ७,६५०. दहा टक्क्यांचे हे अंतर वर्षभर चालणाऱ्या कारखान्यात लाखांच्या घरात जाते. यास्तव विक्रेत्यास पहिला प्रश्न असा विचारावा: ही कार्यक्षमता ढोबळ उष्णतेवर की निव्वळ? उत्तर लेखी घ्यावे.

वायूचा भाव काही ठिकाणी घनमीटरावर, तर काही ठिकाणी 'एम.एम.बी.टी.यू.' या उष्णतेच्या मापावर दिलेला असतो. हे माप म्हणजे २,५२,००० किलोकॅलरी. ढोबळ ९,४०० ने भागले तर ते सुमारे २६.८ घनमीटर वायूइतके होते. भाव डॉलरात सांगितला असेल तर त्या दिवसाच्या दराने रुपये करून, वर कर व वाहतूक मिळवून, मग २६.८ ने भागावे.

केवळ इंधनाचा खर्च पुरेसा नाही

बॉयलर घेतला की तो चालो वा न चालो, त्याच्या किमतीवरील व्याज व घसारा चालूच राहतो. हा खर्च वर्षभरात तयार झालेल्या वाफेवर वाटावा लागतो. हळदीचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. उरलेले नऊ महिने बॉयलर उभा असतो. गटाच्या बैठकीत ही बाब पुष्कळदा सुटते, कारण बॉयलर दाखविण्यास येणारा मनुष्य इंधनाचीच गोष्ट करतो.

पिंजर-धाबा बाजूच्या एखाद्या गटाचा नमुना हिशेब करून पाहू. समजा गटास हंगामात २,००० क्विंटल ओली हळद शिजवावयाची आहे. एक क्विंटल ओली हळद ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ६,३०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १२ किलो वाफ पुरते. पिंप तापणे, झाकणातून निसटणे, नळीतील गळती हे धरून २० किलो वाफ समजावी. जेथे ३० किलो लागते तेथे झाकणाकडे व नळीकडे पाहावे. अशा रीतीने हंगामाची वाफ ४०,००० किलो. ती ४० दिवसांत, दिवसास ५० क्विंटल हळद याप्रमाणे हवी आहे.

वायूचा बॉयलर जोडणीसह ८ लाख रुपयांस पडला व व्याज-घसारा मिळून १५ टक्के धरले, तर वर्षास १,२०,००० रुपये होतात. ४०,००० किलोंवर वाटले असता किलोस ३ रुपये. त्यात इंधनाचे ५ रुपये २३ पैसे मिळविले की ८ रुपये २३ पैसे. पऱ्हाटीवरील संच ३ लाखांचा धरला तर वर्षास ४५,००० रुपये, म्हणजे किलोस १ रुपया १३ पैसे. आगीपाशी एक जास्तीचा आगवाला ६०० रुपये रोजाने ४० दिवस, म्हणजे २४,००० रुपये, किलोस ६० पैसे. इंधन १ रुपया २० पैसे. एकूण २ रुपये ९३ पैसे. वीज व दुरुस्ती दोन्हीकडे सारखी धरून सोडून दिली आहे.

दोहोंमधील अंतर किलोस ५ रुपये ३० पैसे. ४०,००० किलोंवर ते २,१२,००० रुपये होते. ओल्या हळदीच्या क्विंटलामागे हे १०६ रुपये झाले. पाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल वाळलेली हळद होते असे धरले, तर विक्रीच्या प्रत्येक क्विंटलामागे ५३० रुपये केवळ बॉयलरच्या निवडीत गेले. शेतकरी बाजारात भावासाठी पन्नास रुपयांवरून वाद घालतो. येथे त्याच्या दहापट रक्कम सहीच्या एका फटकाऱ्याने जाते.

तर मग वायूचा बॉयलर कोणी घ्यावा? त्याची खरी तुलना पऱ्हाटीशी नाही, डिझेलशी व सिलिंडरच्या वायूशी आहे. ज्या उद्योगास वर्षभर, रोज, स्वच्छ वाफ लागते, ज्याच्याकडे सरपण रचण्यास जागा नाही, ज्यास राख व धूर चालत नाहीत, आणि म्हणून जो आज डिझेल जाळीत आहे, त्यास नळाचा वायू वरदान ठरू शकतो. अशा उद्योगास वर्षास ५ लाख किलो वाफ लागत असेल, तर वरील भावांनी डिझेलऐवजी वायू घेतल्याने केवळ इंधनात सुमारे १३ लाख ६५ हजार रुपये वाचतात, आणि ८ लाखांच्या बॉयलरचा वार्षिक बोजा किलोस २४ पैशांवर येतो. तोच बॉयलर, तेच इंधन. चालण्याचे दिवस बदलले आणि निकाल उलटला. वायूचा आणखी एक गुण मान्य केला पाहिजे: कळ दाबली की आग लागते, कळ दाबली की विझते. लाकडाची आग मात्र काम नसतानाही खात राहते.

पऱ्हाटीचा हिशेबही एकांगी करू नये. जिराईत कापसाच्या एकरातून साधारणपणे ८ ते १० क्विंटल वाळलेल्या पऱ्हाट्या निघतात. वरील गटास ४०,००० किलो वाफेसाठी १२० क्विंटल, म्हणजे बारा ते पंधरा एकरांच्या पऱ्हाट्या पुरतील. त्या मोफत समजू नयेत. शेतात कुटी करून कुजविल्या असत्या तर जमिनीस सेंद्रिय द्रव्य मिळाले असते, ही त्यांची किंमतच आहे. दुसरी बाब गुलाबी बोंडअळीची. पऱ्हाट्यांच्या गंजीत, वाळक्या बोंडांत ही अळी दडून राहते व पुढच्या हंगामात बाहेर पडते. डिसेंबर-जानेवारीत उपटलेल्या पऱ्हाट्या फेब्रुवारी ते एप्रिल या हळदीच्या हंगामातच जळून जात असतील, तर सरपण व कीडनियंत्रण दोन्ही साधतात. परंतु 'पुढच्या वर्षी उपयोगी पडतील' म्हणून गंजी पावसाळ्यापर्यंत बांधावर उभी ठेवणे हा स्वतःच्या व शेजाऱ्याच्या कापसावर केलेला अन्याय होय. हंगामाअखेर उरलेल्या पऱ्हाट्यांची कुटी करून त्या कुजवाव्यात.

पाणी: ज्याचा हिशेब कोणी धरीत नाही

बॉयलरमधून वाफ जाते ती शुद्ध जाते, पाण्यातील क्षार मागे राहतात. दिवसागणिक आतील पाणी खारट होत जाते. ते फार खारट झाले की फेसाळते, वाफेबरोबर पाणी उडून जाऊ लागते आणि नळ्यांवर थर बसतो. म्हणून बॉयलरच्या तळाचे काही पाणी सोडून द्यावे लागते. सोडलेले हे पाणी तापलेले असते, अर्थात त्यात इंधन खर्चलेले असते.

किती पाणी सोडावे, याचा नियम सोपा आहे. लहान बॉयलरमधील क्षार साधारणपणे लिटरास ३,५०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. आत घालावयाच्या पाण्यात लिटरास ५०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर ५०० ला ३,५०० वजा ५०० म्हणजे ३,००० ने भागावे. उत्तर येते सुमारे १७ टक्के. १०० किलो वाफेमागे १७ किलो गरम पाणी सोडावे लागेल, आणि ७ किलो दाबावर त्यात इंधन सुमारे पावणेचार टक्के जाईल. आता पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील १,५०० मिलिग्रॅमची विहीर घ्या. १,५०० भागिले २,००० म्हणजे ७५ टक्के. १०० किलो वाफेमागे ७५ किलो तापलेले पाणी गटारात, आणि इंधन सुमारे १७ टक्के जास्त. वायूच्या वाफेवर हे किलोस ८८ पैसे झाले. वायू पुरविणाऱ्याशी भावात घासाघीस करून एवढी सूट कोणास मिळणार?

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. पाणी मृदू करणारे यंत्र बसविले की क्षार गेले, असे समजतात. ते यंत्र कठीणपणा काढते. थर बसण्याचे टळते, आणि ते करावेच. परंतु एकूण क्षारांचे प्रमाण त्याने कमी होत नाही, सबब पाणी सोडण्याचे टळत नाही. क्षार कमी करण्याचा स्वस्त उपाय आकाशातून येतो. शेडवरील १०० चौरस मीटर पत्र्यावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर वाया जाणारे सोडून सुमारे ५६,००० लिटर पाणी मिळते. वरील गटाची हंगामाची गरज ४०,००० किलो वाफेची आहे. पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत पाणी झाकून साठविण्याची टाकी किंवा अस्तराचे शेततळे असेल, तर जवळजवळ संपूर्ण हंगाम पावसाच्या पाण्यावर निघतो. टाकीचा खर्च मात्र हिशेबात धरावा. ती हळदीनंतर फवारणीच्या पाण्यासाठी वापरता आली तर तो बोजा हलका होतो.

गळती, आवरण व आत घालावयाचे पाणी

७ किलो दाबाच्या नळीस ३ मिलिमीटरचे भोक पडले, तर तासास २५ ते ३० किलो वाफ निसटते. ही वाफ सव्वा ते दीड क्विंटल हळद शिजविण्यास पुरली असती. वायूवर तिची किंमत तासास दीडशे रुपयांच्या आसपास जाते. गळतीचा फुसफुसाट सर्वांस ऐकू येतो. पण तो रोजचा झाला की कोणास काही वाटेनासे होते.

आत घालावयाचे पाणी आधी तापविले तर दर ६ अंशांमागे सुमारे १ टक्का इंधन वाचते. धुराड्याच्या बुडाशी पाण्याची टाकी वेढून बसविली आणि पाणी ३० ऐवजी ६० अंशांवर आत गेले, तर ५ टक्के बचत होते. धुराचे तापमान २० ते २२ अंशांनी उतरले की साधारण १ टक्का वाचतो, हा त्याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. दुधाच्या किंवा रसाच्या कारखान्यात दुहेरी भांड्याच्या कवचात वाफ सोडतात. तेथे वाफेचे झालेले गरम पाणी स्वच्छ असते व ते परत बॉयलरला द्यावे. हळदीच्या पिंपात वाफ थेट हळदीत शिरते, म्हणून तेथे हे पाणी परत मिळत नाही. पुस्तकात वाचलेली प्रत्येक बचत प्रत्येक ठिकाणी लागू होत नाही, ती अशी.

नळीवर उष्णतारोधक आवरण घालण्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. हात लावून पाहावा. हात टिकत नसेल तर आवरण हवे.

गावात करावयाची चाचणी

ग्रामसेवक व कृषी साहाय्यक बंधूंनी कोणत्याही संचाचा वाफेचा खर्च एका दिवसात काढावा, अशी ही रीत आहे. बॉयलरला पाणी ज्या टाकीतून जाते तीवर लिटरांच्या खुणा कराव्यात. सकाळी काम सुरू होताना बॉयलरच्या काचनळीतील पाण्याची पातळी खुणेने नोंदवावी, आणि सायंकाळी पातळी त्याच खुणेवर आणून काम थांबवावे. दिवसभरात टाकीतून किती पाणी गेले ते मोजावे. तळाचे सोडलेले पाणी बादलीने मोजून वजा करावे. उकळते असल्याने ते आधी थंड पाण्याच्या पिंपात सोडावे आणि वाढलेली पातळी पाहावी. उरले ती वाफ. इंधन तोलून घ्यावे, वायू असेल तर मीटरचे दोन आकडे घ्यावेत.

समजा पाणी १,१५० लिटर गेले, १०० लिटर सोडले, म्हणजे वाफ १,०५० किलो. पऱ्हाटी ४२० किलो जळली. एका किलोतून अडीच किलो वाफ झाली. कोष्टकात ३.३३ आहे. म्हणजे वाफ १ रुपया २० पैशांऐवजी १ रुपया ६० पैशांस पडली. आता कारण शोधावे: पऱ्हाटी ओली आहे काय, चुलीचे दार उघडे राहते काय, धुराड्यातून ज्वाळा दिसते काय? आणि आकडा फारच चांगला आला, एका किलोतून साडेचार किलो वाफ, तर आनंद मानण्यापूर्वी वाफ ओली आहे काय ते पाहावे. वाफेबरोबर पाणी उडत असेल तर टाकी लवकर रिती होते आणि हिशेब खोटा बोलतो. हळद शिजण्यास नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर बहुधा हेच झालेले असते. शिजलेल्या कंदात काडी सहज शिरते, हा शेतकऱ्याचा जुना मापदंड येथेही उपयोगी पडतो.

कायदा व सुरक्षितता

एक किलो पाण्याची उघड्या हवेत सुमारे १,६७० लिटर वाफ होते. कोंडलेले बॉयलर फुटतात ते यामुळे. दाबमापक, पाण्याची काचनळी व सुरक्षा झडप या तिन्हींखेरीज कोणताही संच, तो गावातील लोहाराने केलेला असो वा कारखान्यातून आलेला, पेटवू नये. झडपेवर दगड किंवा वजन ठेवून दाब वाढविणे म्हणजे माणसे मारण्याची तयारी होय.

१९२३ चा भारतीय बॉयलर कायदा जाऊन त्याच्या जागी २०२५ चा बॉयलर कायदा आला आहे. २५ लिटरांहून कमी मावणारे, एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी दाबाचे, किंवा १०० अंशांखाली पाणी तापविणारे पात्र त्यात येत नाही. याहून मोठ्या बॉयलरची नोंदणी, वार्षिक तपासणी व प्रमाणपत्रधारक परिचर या गोष्टी लागतात. राज्यात हे काम बाष्पके संचालनालयाकडे आहे. गटाने बॉयलर विकत घेण्यापूर्वीच तो या कायद्याखाली येतो की नाही हे लेखी विचारावे, कारण परिचराचा पगारही वाफेच्या खर्चात जातो.

वायूच्या बाबतीत आणखी एक फरक ध्यानात असावा. नळाचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने गळला की वर छताशी जमतो. सिलिंडरचा वायू जड असल्याने खाली जमिनीलगत, गटारात साचतो. म्हणून पहिल्यासाठी शेडच्या कण्याजवळ झरोके हवेत, दुसऱ्यासाठी जमिनीलगत. सिलिंडरसाठी बांधलेल्या खोलीत नळाचा वायू आणताना हे झरोके नव्याने पाडून घ्यावेत. बर्नर एकदा न पेटल्यास लगेच पुन्हा कळ दाबू नये. आतला न जळलेला वायू पंख्याने पूर्ण बाहेर घालवून मगच पुन्हा पेटवावा.